खुबा वळत नाही, दोष मात्र स्विंगला

गोल्फ हा अंगमेहनतीचा खेळ नाही, हे वाक्य आपल्याकडच्या क्लबांमध्ये इतक्या सहज उच्चारलं जातं की त्याला पुरावा मागायचं कुणाच्या मनातही येत नाही. चेंडू जागच्या जागी पडून असतो, अंगावर कुणी धावून येत नाही, घड्याळ मागे लागलेलं नसतं, सत्तरीतली माणसंही सकाळी १८ होल खेळून घरी जातात. मग या खेळाला व्यायाम कशाला हवा? हा प्रश्न विचारणारा बहुधा उत्तरासाठी थांबत नाही. आणि याच समजापायी कितीतरी हौशी खेळाडू वर्षानुवर्षं तोच स्लाइस मारत राहतात, कोच बदलतात, नवनवे ड्रायव्हर विकत घेतात आणि एके दिवशी कंबर धरून खेळ सोडून देतात. हे नुकसान टाळता येण्यासारखं असतं. म्हणून हा समज नुसता चुकीचा नाही, घातक आहे.

या पक्षाचं म्हणणं पूर्ण ताकदीनिशी मांडायला हवं. ते असं: गोल्फ हा हातांचा आणि डोक्याचा खेळ. फटका मनगटात असतो, तालात असतो. तो ताल उपजत असतो किंवा हजारो चेंडू मारून कमावला जातो. वजनं उचलली की स्नायू जाड होतात, अंग आखडतं आणि ताल जातो. टायगर वूड्सने व्यायामशाळेत शरीर घडवलं आणि तिथेच ते मोडलं. उलट जॉन डेली सुटलेल्या पोटानिशी दोन मेजर स्पर्धा जिंकला. आपली आदिती अशोक आखूड ड्राइव्ह मारून ऑलिंपिकमध्ये चौथी आली. आणि पन्नाशी-साठीच्या माणसाने आता वजनं उचलून काय मिळवायचं? त्याने ग्रिप सुधारावी, डोकं खाली ठेवावं, सराव वाढवावा.

यातला एकही मुद्दा तपासणीला टिकत नाही.

सुरुवात खुद्द स्विंगपासून करायला हवी. अमेरिकेच्या पीजीए टूरवरच्या खेळाडूचा ड्रायव्हर चेंडूला भिडतो तेव्हा क्लबच्या डोक्याचा वेग ताशी सुमारे १८५ किलोमीटर असतो. सर्वसाधारण हौशी पुरुषाचा १५०च्या आसपास. बॅकस्विंगच्या टोकापासून चेंडूपर्यंत यायला साधारण पाव सेकंद लागतो. त्या क्षणी २०० ग्रॅमचं ते डोकं टूरवरच्या खेळाडूच्या हातांना ३० किलोहून अधिक जोराने बाहेर ओढत असतं, आणि चेंडूशी त्याचा संपर्क टिकतो जेमतेम अर्धा मिलिसेकंद. या पाव सेकंदात कमरेच्या मणक्यांवर येणारा दाब १९९०च्या सुमारास अमेरिकेत मोजला गेला, तेव्हा तो शरीराच्या वजनाच्या सुमारे आठपट भरला. ७५ किलोच्या माणसासाठी हा भार ६०० किलोंचा होतो. एका फेरीत असे चाळीस-पन्नास फटके, शिवाय रेंजवर रिकामी केलेली चेंडूंची बादली. ज्या हालचालीत कण्यावर सहाशे किलो येतात, तिला अंगमेहनत म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं?

आता फटका मनगटात असतो, हे घ्या. मनगटं शेवटचा वेग क्लबमध्ये सोडतात, हे खरं. पण तो वेग तिथे तयार होत नाही. स्विंगची मोजणी करणारी यंत्रं आल्यापासून एक क्रम पुन्हा पुन्हा दिसला आहे: डाउनस्विंगमध्ये आधी पाय जमिनीला रेटतात, मग ओटीपोटाभोवतीचा हाडांचा घेर, म्हणजे पेल्व्हिस, फिरतो आणि मंदावतो, त्याचा वेग छातीकडे जातो, छातीचा हातांकडे, हातांचा क्लबकडे. प्रत्येक भाग आधीच्याहून वेगाने फिरतो आणि आपला वेग पुढच्याच्या हवाली करतो. जिम फ्युरिकचा क्लब वर जाताना एकीकडे आणि खाली येताना भलतीकडे वळतो. एर्नी एल्सचा स्विंग संथ आणि डोळ्यांना सुखावणारा. दिसायला दोघांत काहीच साम्य नाही. पण वेग खालून वर सरकण्याची ही पद्धत चांगल्या खेळाडूंत सारखीच सापडते. मांड्या आणि नितंब हे शरीरातले सर्वांत मोठे स्नायू. त्यांना वगळून मनगटाच्या जोरावर चेंडू लांब जाईल, असं मानायला शरीरशास्त्रात कुठलाच आधार नाही.

आणि इथेच हौशी खेळाडूच्या दुखण्याचं मूळ आहे. ते जरा सविस्तर पाहायला हवं, कारण क्लबांमध्ये नेमकं याचंच निदान चुकतं.

चांगल्या बॅकस्विंगमध्ये खांदे सुमारे ९० अंश वळतात. हे ९० अंश येतात कुठून? पेल्व्हिस साधारण ४५ अंश वळतो. ते काम खुबे, गुडघे आणि पावलं मिळून करतात. उरलेले ४५ अंश कण्याने द्यायचे असतात. त्यातले ३५च्या आसपास छातीमागच्या बारा मणक्यांनी, आणि उरलेले कमरेच्या पाच मणक्यांनी. कमरेचे मणके वाकायला बनलेले आहेत, पिळायला नाहीत. पाचही मिळून एका बाजूला जेमतेम १० ते १५ अंश फिरतात. म्हणजे हिशेब अगदी काटेकोर आहे. त्यात कुठे तूट आली, तर ती दुसऱ्या कुणाला तरी भरून काढावी लागते.

दिवसाचे दहा तास खुर्चीत आणि दोन तास गाडीत काढणाऱ्या चाळिशीच्या माणसाचं काय होतं? खुबे पुढच्या बाजूने आखडलेले असतात. पाठीला पोक आलेला असतो, त्यामुळे छातीमागचा कणा ३५ऐवजी वीसच अंश देतो. नितंबाचे स्नायू दिवसभर दबून राहिल्याने वेळेवर काम करत नाहीत. रविवारी सकाळी हाच माणूस टीवर उभा राहून ९० अंशांची मागणी करतो. शरीर नाही म्हणत नाही; ते पळवाट शोधतं. पेल्व्हिस वळण्याऐवजी बाजूला सरकतो. डावा हात कोपरात दुमडतो. कणा लक्ष्यापासून दूर झुकण्याऐवजी उलटा लक्ष्याकडे झुकतो. डाउनस्विंगमध्ये खुबा वळायला जागा नसल्याने कंबर चेंडूच्या दिशेने पुढे ढकलली जाते, धड सरळ होतं, हातांना जायला वाट उरत नाही, आणि मग क्लब बाहेरून आत येतो. चेंडू उजवीकडे वळत झाडीत जातो. हाच तो स्लाइस.

हे सगळं होत असताना कोच, सोबती आणि कॅडी यांचा निकाल एकच असतो: डोकं वर आलं. डोकं वर आलं हे खरंच. पण ते आलं कारण कंबर पुढे गेली, कंबर पुढे गेली कारण खुबा वळला नाही. डोकं खाली ठेवण्याचा हुकूम देऊन खुबा कसा वळेल? ज्याला उकिडवं बसताना टाचा जमिनीवर टेकवता येत नाहीत, त्याला पूर्ण स्विंगभर कमरेतला झुकाव टिकवून ठेवायला सांगणं म्हणजे त्याच्या शरीरात नसलेली गोष्ट त्याच्याकडून मागणं. तो ती देऊ शकत नाही. मग तो स्वतःला अनाडी समजू लागतो. हा त्या माणसावर सरळसरळ अन्याय आहे.

याहून मोठं नुकसान कमरेचं होतं. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा डावा खुबा फॉलो-थ्रूमध्ये आतल्या बाजूला वळावा लागतो. सगळं धड त्याच्यावर फिरतं. तो गंजलेल्या बिजागरीसारखा अडला, तर जोर चौकटीवर येतो, आणि इथे चौकट म्हणजे कमरेचे मणके. अमेरिकेतल्या व्यावसायिक गोल्फपटूंवर २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हेच दिसलं: ज्यांना कंबरदुखी होऊन गेली होती, त्यांच्या पुढच्या पायाच्या खुब्याची आतली फिरक कमी होती. गोल्फमध्ये सर्वाधिक आढळणारी तक्रार कंबरदुखीचीच, हे क्लबातल्या कुणालाही विचारलं तर कळेल. तिला वयाचा परिणाम म्हणून सोडून देतात. तिच्यामागे बरेचदा न वळणारा खुबा असतो, आणि खुब्याची फिरक बहुतेकांना सुधारता येते.

टॉम वॉटसनचं उदाहरण इथे आठवायलाच हवं. ऑक्टोबर २००८मध्ये त्याचा डावा खुबा शस्त्रक्रियेने बदलला गेला. पुढच्या जुलैमध्ये टर्नबेरीच्या ओपन स्पर्धेत, वयाच्या ५९व्या वर्षी, शेवटच्या होलवर तो आघाडी घेऊन उभा होता. त्या होलवर एक फटका जास्त गेला आणि प्लेऑफमध्ये स्टुअर्ट सिंक जिंकला. वॉटसनचा ताल, हात, अनुभव आधीही होताच. नवा होता तो खुबा.

कॅलिफोर्नियात ओशनसाइडला ग्रेग रोझ आणि डेव्ह फिलिप्स यांनी २००३ साली टायटलिस्ट परफॉर्मन्स इन्स्टिट्यूट उभी केली, ती याच विचारावर. खेळाडूचा स्विंग बघण्याआधी त्याचं शरीर बघायचं. क्लब डोक्यावर आडवा धरून टाचा न उचलता उकिडवं बसता येतं का? खुर्चीत बसून, गुडघे न हलवता, धड दोन्ही बाजूंना ४५ अंश वळतं का? एका पायावर तोल राहतो का? खांदे स्थिर ठेवून नुसता पेल्व्हिस फिरवता येतो का? या तपासण्यांना यंत्र लागत नाही, मोकळी जागा आणि एक जाणकार डोळा लागतो. शरीरातली अडचण आणि स्विंगमधला दोष यांची जोडी जुळवून व्यायाम ठरवायचा, ही पद्धत आज जगभरच्या टूरवर रूढ आहे. आपल्या क्लबांमध्ये मात्र पहिल्याच दिवशी हातात सात नंबरचं आयर्न दिलं जातं.

उपजत तालाचा मुद्दा मांडणारे सॅम स्नीडचं नाव घेतात. स्नीडचा स्विंग हा आजवरच्या सर्वांत सुंदर स्विंगांपैकी एक, यावर वाद नाही. पण हा माणूस दाराच्या वरच्या चौकटीपर्यंत लाथ उंचावू शकत असे आणि गुडघे न वाकवता होलमधला चेंडू उचलत असे. १९६५ साली ग्रीन्सबरोला तो पीजीए टूरवरची स्पर्धा जिंकला तेव्हा ५२ वर्षांचा होता, आणि तो विक्रम अजून कायम आहे. ज्याला उपजत ताल म्हटलं जातं, त्याच्या बुडाशी असं विलक्षण लवचिक शरीर होतं.

डेलीचंही तेच. त्याचं पोट सगळ्यांनी पाहिलं. त्याचा बॅकस्विंग कुणी नीट पाहिला नाही. क्लब आडवा होऊन थांबण्याऐवजी पार जमिनीकडे झुकेपर्यंत त्याचे खांदे वळत. एवढी फिरक फार थोड्या माणसांच्या वाट्याला येते. १९९१ची पीजीए चॅम्पियनशिप त्याने पंचविसाव्या वर्षी जिंकली, १९९५ची ओपन एकोणतिसाव्या. त्यानंतर पीजीए टूरवर त्याच्या नावावर एकच विजय आहे, २००४चा. व्यायामाविना भागतं हे सिद्ध करायला ही कारकीर्द पुढे करायची, की निसर्गाने दिलेली देणगी सांभाळली नाही तर काय होतं हे सांगायला?

भारतातलं उदाहरण अधिक बोलकं आहे. दिल्ली गोल्फ क्लबवर कॅडी म्हणून सुरुवात केलेल्या अली शेरने १९९१ साली इंडियन ओपन जिंकली. ती जिंकणारा तो पहिला भारतीय व्यावसायिक. कॅडींमधून वर आलेले खेळाडू ही भारतीय व्यावसायिक गोल्फची कित्येक वर्षं खरी ताकद राहिली आहे. त्यांनी कुठे जिम केलं, असा प्रश्न हमखास येतो. कॅडी रोज बारा-पंधरा किलोची बॅग खांद्यावर घेऊन आठ-दहा किलोमीटर चालतो, चढ-उतार तुडवतो, शेकडो वेळा खाली वाकून उठतो, सावलीत बसतो तो उकिडवाच. त्याचे खुबे, घोटे, पाठ आणि तोल यांना लहानपणापासून रोजचं काम असतं. बॅग कॅडीच्या खांद्यावर देऊन स्वतः बग्गीतून फिरणाऱ्या सभासदाने त्याच कॅडीच्या स्विंगकडे बोट दाखवून व्यायाम अनावश्यक ठरवायचा, यात न्याय नाही आणि तर्कही नाही.

वजनं उचलून अंग आखडतं, ही भीती सर्वांत जुनी आहे आणि तिला सर्वांत आधी खोटं पाडलं गेलं. १९४०च्या दशकात अमेरिकेचा फ्रँक स्ट्रॅनहॅन लोखंडी वजनं सोबत घेऊन स्पर्धांना जात असे. त्याने ब्रिटिश अमॅच्युअर दोनदा जिंकली, १९४८ आणि १९५० साली, आणि ओपनमध्ये तो दोनदा दुसरा आला. त्याच्यामागून आला दक्षिण आफ्रिकेचा गॅरी प्लेअर. उंची साडेपाच फुटांहून थोडी जास्त, आणि भोवती आडदांड खेळाडू. त्याने वजनांचा व्यायाम सुरू केला तेव्हा हा लवकर संपणार असं बोललं गेलं. १९६५मध्ये यूएस ओपन जिंकून त्याने चारही मेजर पूर्ण केल्या. त्याआधी हे फक्त जीन सॅराझन आणि बेन होगन यांना जमलं होतं. १९७८च्या मास्टर्समध्ये शेवटच्या दिवशी तो सात फटक्यांनी मागे होता. वय ४२. त्याने ६४ची फेरी खेळली आणि स्पर्धा जिंकली. एकूण नऊ मेजर. ज्याचं अंग आखडायचं होतं, त्याने विशीपासून चाळिशीपर्यंत मेजर जिंकल्या.

२०१६च्या जानेवारीत हीच भीती नव्या शब्दांत पुढे आली. रॉरी मॅकिलरॉय जड वजनं उचलतोय, त्याचं टायगरसारखं होईल, अशी काळजी अमेरिकी टीव्हीवरचे समालोचक ब्रँडल शँब्ली यांनी व्यक्त केली. मॅकिलरॉयने वजन उचलतानाचा आपला व्हिडिओ प्रसिद्ध करून उत्तर दिलं आणि व्यायाम चालू ठेवला. २०२५च्या एप्रिलमध्ये, ३५व्या वर्षी, त्याने मास्टर्स जिंकून चारही मेजर पूर्ण केल्या. असं करणारा तो सहावा खेळाडू.

मोजून पाहिलेल्यांचं म्हणणं काय आहे? ब्रिटनमध्ये फ्लेचर आणि हार्टवेल यांनी २००४ साली चांगल्या हँडिकॅपच्या क्लब खेळाडूंवर प्रयोग केला. आठ आठवडे वजनं आणि उड्या-फेकीचे व्यायाम. क्लबचा वेग दीड टक्क्याने वाढला, ड्राइव्हचं अंतर ४.३ टक्क्यांनी. पिट्सबर्ग विद्यापीठात स्कॉट लेफार्ट आणि सहकाऱ्यांनी २००७ साली हौशी खेळाडूंना आठ आठवडे लवचिकता, तोल आणि रबरी पट्ट्यांचे व्यायाम दिले. खुबे आणि धडाची फिरक वाढली, क्लबचा वेग सुमारे ५ टक्क्यांनी वाढला. हे अभ्यास लहान आहेत, पण दोन्हींत ताकद वाढताना वेग घटला नाही, वाढला. उलट बाजूने काय पुढे येतं? कुणाच्या तरी ओळखीचा कुणीतरी, ज्याने डंबेल्स उचलले आणि त्याचा खेळ बिघडला.

त्या कुणाचं काय चुकलं, तेही स्पष्ट आहे. आरशासमोर दंड आणि छाती फुगवण्याचा व्यायाम गोल्फसाठी निरुपयोगी आहे, आणि छाती-खांदे आखडले तर तो नडतोही. पण चुकीच्या व्यायामाने नुकसान होतं म्हणून व्यायामच नको, हा निष्कर्ष कोणत्याही विचारी माणसाने काढू नये. ब्रायसन डीशँबोने वजन आणि ताकद प्रचंड वाढवून २०२०ची यूएस ओपन विंग्ड फूटवर सहा फटक्यांनी जिंकली. पुढे तो बराच बारीक झाला, आणि २०२४ची यूएस ओपनही त्याने पाइनहर्स्टवर जिंकली. वाढवलेलं आकारमान गेलं. वेग शिल्लक राहिला. मॅथ्यू फिट्झपॅट्रिक तर अंगाने किरकोळच. त्याने हलक्या-जड दांड्यांनी वेगाचा पद्धतशीर सराव करून ड्राइव्ह लांबवला आणि २०२२ची यूएस ओपन जिंकली.

टायगरचा दाखला सगळ्यांत वरच्या आवाजात दिला जातो, म्हणून त्याच्या शरीराचा इतिहास नीट वाचायला हवा. त्याच्या डाव्या गुडघ्यावर पहिली शस्त्रक्रिया झाली १९९४ साली, स्टॅनफर्डमध्ये शिकत असताना, गाठी काढण्यासाठी. तेव्हा त्याचा व्यायामशाळेतला तो गाजलेला काळ सुरूही झाला नव्हता. तरुणपणीच्या त्याच्या स्विंगमध्ये डावा गुडघा फटक्याच्या क्षणी झटक्याने ताठ होई. त्या गुडघ्याने हे वर्षानुवर्षं सोसलं. त्यावर त्याने सैनिकी पद्धतीचे कवायतीचे प्रकार केले, ज्याबद्दल त्याचे माजी प्रशिक्षक हँक हेनी यांनी २०१२च्या पुस्तकात काळजीने लिहिलं आहे. गोल्फपटूच्या व्यायामाशी त्यांचा संबंध नव्हता. २००८ची यूएस ओपन त्याने फाटलेल्या अस्थिबंधासह आणि नडगीला तडे गेलेले असताना जिंकली. दुखऱ्या अंगाने खेळत राहण्याची किंमत कुणीही मोजली असती. आणि शेवटचा भाग सोयीस्करपणे वगळला जातो. पाठीच्या तीन शस्त्रक्रिया झाल्यावर २०१७मध्ये त्याचे कमरेचे मणके जोडले गेले. त्यानंतर शरीर पुन्हा उभं करून २०१९ची मास्टर्स त्याने ४३व्या वर्षी जिंकली. मणके जोडलेला माणूस नुसत्या हातोटीवर ऑगस्टा जिंकतो, असं मानायचं का?

आदिती अशोकबद्दल बोलताना अधिक आदराने बोललं पाहिजे. २०२१च्या ऑगस्टमध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये तिने पटर आणि वेजच्या जोरावर चौथा क्रमांक मिळवला; पदक एका फटक्याने हुकलं. मैदानावरच्या बहुतेकींपेक्षा तिचा ड्राइव्ह आखूड पडत होता. पण त्याच वर्षी तिला कोविड होऊन गेला होता आणि त्यामुळे ताकद व अंतर कमी झाल्याचं तिने स्वतः सांगितलं होतं. म्हणजे तिला आखूड ड्राइव्ह हवा होता असं नाही. तो आजारपणाने तिच्यावर लादला होता. तिच्या धैर्याचा आणि स्पर्शाचा गौरव करावा तेवढा थोडा. त्या गौरवातून अंतराला महत्त्व नाही असा धडा काढायचा, तर दुसऱ्या फटक्याला तिला इतरांपेक्षा लांबचा क्लब घ्यावा लागत होता, आणि शेवटी अंतर पडलं ते एका फटक्याचं, हे विसरावं लागेल.

राहिला वयाचा मुद्दा. तिशी-चाळिशीनंतर स्नायू दरवर्षी थोडे थोडे घटत जातात, आणि त्यातही वेगाने आकुंचन पावणारे तंतू आधी जातात. स्विंगला नेमके तेच लागतात. म्हणजे व्यायामाची गरज विशीतल्या मुलापेक्षा साठीच्या माणसाला जास्त आहे, आणि आपण ती साठीलाच माफ करून टाकतो. फिल मिकलसनने २०२१ची पीजीए चॅम्पियनशिप पन्नास पूर्ण केल्यावर जिंकली. मेजर जिंकणारा तो सर्वांत वयस्कर खेळाडू. त्याआधीची काही वर्षं त्याने आहार बदलला होता, वजन घटवलं होतं आणि वेगाचा सराव केला होता. ताकदीचा व्यायाम साठीत, सत्तरीतही स्नायू वाढवतो, हे वैद्यकशास्त्रात आता वादाचं राहिलेलं नाही. ज्याला आधीच कंबरदुखी किंवा हृदयाचा त्रास आहे त्याने डॉक्टरांना विचारून सुरुवात करावी, एवढीच अट.

नव्या ड्रायव्हरवर फार बोलायला नको. नियमांनी त्याच्या डोक्याला ४६० घन सेंटिमीटरची आणि त्याच्या दर्शनी पट्टीच्या उसळीला ठरावीक मर्यादा घातली आहे, आणि चांगले ड्रायव्हर त्या मर्यादेला कधीच टेकले आहेत. दुकानात मिळणारं अंतर संपत आलं आहे.

व्यायाम हे परदेशी खूळ आहे, हा आक्षेप निदान महाराष्ट्रात तरी कुणी घेऊ नये. तालमीत मुद्गल फिरवणारा पैलवान खांद्याची, धडाची आणि पकडीची फिरती ताकदच कमावत असतो. हेच मुद्गल इथल्या ब्रिटिश सैन्याने पाहिले, एकोणिसाव्या शतकात ते इंग्लंडला गेले, आणि १९०४ व १९३२च्या ऑलिंपिकमध्ये मुद्गल फिरवण्याची स्पर्धाही झाली. उठबशा, जमिनीवर मांडी घालून बसणं, उकिडवं बसून काम करणं यांतून खुबे आणि घोटे मोकळे राहत होते. ते आपण खुर्चीच्या बदल्यात सोडून दिलं. जे लागतं ते महाग नाही. एक पाय पुढे आणि एक मागे दुमडून जमिनीवर बसत खुब्याची फिरक. कुशीवर झोपून गुडघे जुळवलेले ठेवत वरचा हात मागे उघडणं, म्हणजे छातीमागचा कणा मोकळा होतो. सेतुबंधासन, आधी दोन पायांवर, मग एका. प्लँक, सरळ आणि बाजूचा. ही पायाभरणी झाली की उठबशा आणि डेडलिफ्ट वजनासह, जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली, आणि शेवटी भरलेला चेंडू भिंतीवर फिरकीने फेकणं. खेळण्याआधी दहा मिनिटं अंग गरम करणं तर विनाखर्चाचं, आणि तेच सर्वांत जास्त टाळलं जातं: गाडीतून उतरून थेट ड्रायव्हर हातात घेणारे किती, हे कोणत्याही रविवारी सकाळी पहिल्या टीवर उभं राहून पाहावं. यातला कुठलाही व्यायाम एका आठवड्यात स्विंग बदलत नाही. वर उल्लेखलेल्या दोन्ही प्रयोगांना आठ आठवडे लागले. हौशी खेळाडू तेवढा वेळ नव्या कोचला आनंदाने देतो; आपल्याच खुब्याला का देऊ नये?

चुकीचा स्विंग ही बहुतेकदा अडलेल्या शरीराची हालचाल असते, आणि शरीर मोकळं केल्याशिवाय दिलेली शिकवण वाया जाते. क्लबांच्या समित्यांनी हिरवळीवर आणि क्लबहाऊसवर होणाऱ्या खर्चातला थोडा वाटा एका चांगल्या फिजिओथेरपिस्टवर खर्च करावा. लहान मुलांना क्लब हातात देण्याआधी धावू, उडी मारू, फेकू द्यावं. सभासदांनी शिकवणीचे पैसे भरण्याआधी कोचला विचारावं की तो खुबे, पाठ आणि तोल तपासणार आहे का. आणि ज्या कोचला ही तपासणी येत नाही, त्याने नवे विद्यार्थी घेणं थांबवून आधी ती शिकून यावं.